फेडीत दिलेली

जानेवारीत शाळा उघडायच्या तोंडावर, मशीनच्या दोन्ही बाजूंना गणवेशांचे ढीग छातीएवढे चढलेले असताना, मुचानेताचा उजवा हात मेला. मेला म्हणजे कोपराच्या खाली काही कळेनासंच झालं. सुई बोटात आरपार गेली, तरी निळ्या कापडावर रक्त दिसेपर्यंत तिला पत्ता नव्हता.

मस्विंगो शहरातल्या मुचेके वस्तीच्या दवाखान्यात तिला उलटंसुलटं करून तपासलं. मान ठीक, मणका ठीक, रक्तदाब ठीक.

"हाताला काही झालेलं नाही बाई," नर्स म्हणाली. "डोक्यात काय चाललंय?"

"डोक्यात? सत्तावीस चड्ड्यांची मापं."

नर्स हसली, पण चिठ्ठी लिहायची ती लिहिलीच. गुरुवारी सकाळी दहा वाजता, दवाखान्याच्या मागे, जॅकरांडाच्या झाडाखाली.

मुचानेता त्रेचाळीस वर्षांची होती. लग्न नाही, मूल नाही. चोवीस वर्षं ती त्याच वस्तीत, एकाच खोलीत शिवणकाम करत आली होती. कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण कुणी अंगावर आलं तर मात्र तोंडाचा पट्टा असा सुटायचा की समोरच्याला पळता भुई थोडी व्हायची. तिचं देवक एलंड, म्हणजे बैलाएवढं रानहरीण. त्या देवकाच्या बायकांना चिहेरा म्हणतात आणि चिहेरा कुणाच्या बापाला ऐकत नाही, हे तिकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं.

पहिल्या गुरुवारी ती झाडाखाली गेली ती वैतागूनच. बाकांचं कडं केलेलं, मध्ये भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप. शेंगा सोलता सोलता बोलायचं. बोलायचं नसेल तर नुसत्या सोलायच्या. हे सगळं चालवणारी नेत्साई नावाची तिशीची मुलगी, हरारेला मानसशास्त्र शिकून आलेली. सगळे तिला सिसी नेत्साई म्हणत, ताई म्हणावं तसं.

"इथे नियम दोनच," तिने सांगितलं. "मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. आणि स्वतःबद्दल बोलताना 'मी' म्हणायचं."

"पहिला नियम माझ्यासाठी केलाय," शेजारचे गुंबोबाबा मुचानेताच्या कानाशी लागले. "पण मी पोलिसात होतो. आमच्यात न मागता देण्याची पद्धत आहे."

गुंबोबाबा निवृत्त हवालदार. बायको गेल्यापासून तिच्या रिकाम्या खुर्चीशी बोलत बसायचे, म्हणून सुनेने त्यांना इथे आणून सोडलं होतं. त्यांच्या पलीकडे अंबुया सारुझाई. अंबुया म्हणजे आजी. तीन मुलगे पुरलेली बाई, टेकडीवर पांढरे झगे घालून प्रार्थना करणाऱ्या पंथातली. तिचा झगा मुचानेतानेच शिवलेला होता.

तीन गुरुवार मुचानेताने शेंगा सोलल्या, डाव्या हाताने. चौथ्या गुरुवारी, कुणी काही विचारलेलं नसताना, ती बोलायला लागली.

"आमच्या गावाकडे एक मुलगी होती. तिच्या काकाने दारूच्या बैठकीत एका माणसाच्या डोक्यात जोखडाची शिवळ घातली. माणूस जागच्या जागी गेला. झिवानाई त्याचं नाव. मग काही वर्षांनी काकाच्या घरात पोरं दगावायला लागली. जाणता बोलावला. तो म्हणाला, मेलेल्याचा आत्मा उठलाय, सूड मागतोय. गुरं द्या आणि एक मुलगी द्या. काकाला मुलगी नव्हती. म्हणून भावाची दिली. अकरा वर्षांची होती."

शेंगा फुटायच्या थांबल्या.

"झिवानाईच्या घरच्यांनी तिला त्याच्या झोपडीत ठेवलं. रोज झोपडी झाडायची, त्याची चटई अंथरायची, त्याच्या नावाचं ताट वाढायचं. मेलेल्याची बायको म्हणे. बाकी दिवसभर पाणी आणि कांडण. मोठी झाल्यावर त्याच्या पुतण्यापासून तिला मूल व्हायचं होतं. मेलेल्याच्या नावाचा मुलगा. म्हणजे मग फिटलं. एकोणिसाव्या वर्षी, बायका मोहरीची भाजी खुडत होत्या, तेव्हा ती टोपली खाली ठेवून रस्त्याला लागली."

"बरं केलंन," गुंबोबाबा म्हणाले.

"बरं कसलं?" अंबुया सारुझाईने डोक्यावरून हात फिरवला. "आत्मा अर्धपोटी ठेवून उठली. त्या पोरीसाठी प्रार्थना करायला हवी. कुठे असते आता?"

नेत्साई हळूच म्हणाली, "दुसरा नियम आठवतोय ना? ती कोण?"

वाऱ्याने सुपातली टरफलं उडाली. मुचानेताने डावा हात उचलून स्वतःच्या छातीवर आपटला, दार ठोठावावं तसा.

"मी," ती म्हणाली. आणि मग कुणीतरी अडवत असल्यासारखी मोठ्याने, "मी! मला दिली! आठ वर्षं मला तिथे 'फेड' म्हणून हाक मारत होते. फेड, पाणी आण. फेड, चूल पेटव. चोवीस वर्षांत मी हे कुणाला सांगितलेलं नाही. स्वतःलासुद्धा नाही."

अंबुया सारुझाई उठली आणि तिच्या शेजारी येऊन बसली. गुंबोबाबांनी त्या दिवशी सल्ला दिला नाही.

त्यानंतर तिचं बोलणं बांध फुटल्यासारखं झालं. दर गुरुवारी नवीन काहीतरी निघायचं. कधी नेत्साईवरच घसरायची.

"तुम्ही शिकलेल्या ना? मग सरळ सांगा. आत्मा आहे की नाही?"

"भीती आहे, हे मला दिसतंय," नेत्साई म्हणाली. "आत्म्याचं मला माहीत नाही. तुम्हाला काय वाटतं?"

"गोल गोल उत्तरं देते ही बया!" मुचानेता बाकीच्यांकडे वळली. "आहे. मी त्याच्या झोपडीत आठ वर्षं काढली. त्याची चटई माझ्या हाताखाली झिजली. त्याला मी ओळखते तेवढं कुणी ओळखत नाही."

"मग तुम्ही कधी बोललात त्याच्याशी?"

मुचानेता आठवून पाहू लागली. झिवानाईला काय हवं, हे जाणत्याने सांगितलं होतं. काकाने सांगितलं, झिवानाईच्या घरच्यांनी सांगितलं. ती त्याची चटई अंथरायची, पण त्याला एक अक्षर विचारायची तिला कधी परवानगी नव्हती. तिच्या वतीनेही दुसरेच बोलले होते. तिच्या लक्षात आलं, त्या घरात ज्यांना कुणी काही विचारलं नाही अशी दोघंच होती. एक मेलेला आणि एक ती.

हे तिने मोठ्याने म्हटलं. म्हणताना तिच्या उजव्या अंगठ्यात मुंग्या आल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

मार्च संपता संपता तिचा थोरला भाऊ जोसफात गावाहून आला. मक्याची कणसं आणि आंबट दुधाची बरणी घेऊन आला, म्हणजे काम मोठं असणार हे तिने ताडलंच.

"तावोंगा ट्रकवरून पडला," तो बसता बसता म्हणाला. तावोंगा त्याचा मोठा मुलगा. "डोक्याला लागलं. आता फिट येतात. जाणत्याकडे गेलो होतो."

"दवाखान्यात का नाही गेलास?"

"दवाखाना आत्म्याला गोळी देतो का? झिवानाई उठलाय मुचा. तू अर्ध्यातून उठून आलीस म्हणून. फेड पुरी झाली नाही."

"मग?"

"तू परत चल."

"आणि नाही आले तर?"

जोसफातने टोपी काढली, उलटी केली, पुन्हा घातली. "तर शामिसो जाईल."

शामिसो त्याची धाकटी. बारा वर्षांची. दर सुट्टीत येऊन मुचानेताच्या मशीनखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची.

"दादा, तुझी जीभ कशी रेटली रे?"

"मला आवडतंय का? एका बाजूला मुलगा, एका बाजूला मुलगी! तू तेव्हा नांदली असतीस तर आज ही वेळ आली नसती. तुझ्या एकटीच्या हट्टापायी सगळं घर भोगतंय. पुढच्या शनिवारी त्यांच्या अंगणात बसायचं ठरलंय."

तो गेला. चोवीस वर्षं अशा वेळी ती मान खाली घालून मशीन चालवायची. या खेपेला मान खाली गेली नाही. पायाच्या तळव्यांपासून काहीतरी गरम वर चढत आलं आणि कानात येऊन थांबलं. तिने आंबट दुधाची बरणी उचलली आणि शेजारणीच्या पोरांना देऊन टाकली.

गुरुवारी तिने कड्यात सगळं सांगितलं. गुंबोबाबा ताडकन उठले.

"हा गुन्हा आहे! आत्म्याच्या फेडीत मुलगी देणं कायद्याने बंद आहे. मी आत्ता ठाण्यात जातो."

"बसा खाली," मुचानेता म्हणाली. "पोलीस येतील, शनिवार टळेल. मग रविवारी गुपचूप नेऊन सोडतील. मला ते नकोय."

"मग काय हवंय?" नेत्साईने विचारलं.

"मला त्याच्याशी बोलायचंय. झिवानाईशी. सगळ्यांदेखत. आणि मी शामिसोची तेते आहे." तेते म्हणजे आत्या. तिकडे आत्याच्या होकाराशिवाय भावाची मुलगी उंबरा ओलांडत नाही. "इतकी वर्षं मला कुणी तेते म्हणून विचारलं नाही, मीही अंग चोरून राहिले. पळून आलेलीला कसला मान, असं मीच मनात धरून बसले. आता धरत नाही."

"भीती वाटते?"

"वाटते की! तुम्ही याल का?"

नेत्साईने हातातली शेंग खाली ठेवली. "मी आले तर ते म्हणतील, शहरातल्या शिकलेल्या बाईने हिला फितवलं. हे तुमचं बोलणं आहे, तुमच्या तोंडून व्हायला हवं. पण कड्यातल्या कुणाला जावंसं वाटलं तर मी अडवणार नाही."

"मी जाणार," अंबुया सारुझाई म्हणाली. सगळे तिच्याकडे पाहायला लागले. तीच तर म्हणाली होती, आत्मा अर्धपोटी राहिला. "असं बघू नका. प्रार्थना तिथेही करता येते. आणि तीन पोरं पुरली मी. आत्म्याला जे करायचं ते त्याने केलंय माझं. आता मला कशाची भीती?"

"मी गणवेश घालून येतो," गुंबोबाबा म्हणाले. "फक्त बसायला येतो. बोलायचं नाही, ही शपथ."

शनिवारी सकाळी तिघं वडाप गाडीने निघाली. गुंबोबाबांचा जुना गणवेश पोटावर ताणलेला. वाटेत त्याचं एक बटण तुटून पुढच्या माणसाच्या मानेवर बसलं.

झिवानाईच्या घरचं अंगण तसंच होतं. काळ्या दगडांच्या टेकाडाखाली गोल झोपड्या, मधोमध झाडून चोपडी केलेली जमीन. पुरुष बाकांवर, बायका चटयांवर. झिवानाईचा धाकटा भाऊ तोबायस आता सत्तरीचा, मधल्या स्टुलावर बसलेला. एका कडेला जोसफात, त्याच्या शेजारी शामिसो, अंगावर नवं कोरं काळं वस्त्र, फेडीत देताना घालतात तसं. तिच्या पायांत चप्पल नव्हती. मुचानेताने ते पाहिलं. तिलाही इथे आणताना चप्पल काढून घेतली होती.

"आलीस," तोबायस म्हणाला. "फेड स्वतःच्या पायाने परत आली, चांगली खूण आहे."

"फेड आलेली नाही," मुचानेता म्हणाली. ती चटईवर बसली, रीतीप्रमाणे ओंजळीने हळू टाळ्या वाजवून तिने सगळ्यांना मान दिला. मग कमरेची पुरचुंडी सोडून चिमूटभर तपकीर झिवानाईच्या झोपडीसमोर जमिनीवर ठेवली.

"ते तुझं काम नाही!" तोबायस ओरडला. "त्याच्याशी मी बोलतो."

"तुम्ही पस्तीस-चाळीस वर्षं बोलताय. आज तुम्ही ऐका."

"चिहेरा!" कुणीतरी थुंकल्यासारखं म्हणालं.

"हो, चिहेरा," ती म्हणाली आणि झोपडीकडे वळली. "झिवानाई, मी तुझी झोपडी आठ वर्षं झाडली. तुझ्या नावाचं ताट वाढलं, आणि ते रोज कोण खायचं हेही मी पाहिलंय." तोबायसने मान फिरवली. "तुला माझ्या काकाने मारलं. वाईट केलं. ते मी त्याच्या रक्ताची म्हणून इथे मान खाली घालून कबूल करते. पण मीही त्याच दिवशी मेले, मी जन्मलेसुद्धा नव्हते तरी. तुला कुणी विचारलं नाही, मला कुणी विचारलं नाही. आता मी विचारते. तुला बारा वर्षांची पोर हवी आहे? हवी असेल तर मला सांग, त्यांना नको. मी इथे बसलेय. भर दुपार आहे. काय करायचं ते कर."

एक कोंबडी तपकिरीपाशी आली, तिने चोच मारली, मान झटकून शिंकली आणि पळाली. एरवी सगळे हसले असते.

तेव्हा झोपडीच्या सावलीतून आवाज आला. झिवानाईची आई. नव्वदीला टेकलेली, डोळे गेलेले. मुचानेताला वाटलं होतं म्हातारी कधीच गेली असेल. हिनेच तिला सगळ्यांत जास्त राबवलं होतं.

"कोण बोलतंय ते?"

"अंबुया, मी. आठ वर्षं तुमच्यासाठी पाणी भरलं."

"फेड?"

"मला नाव आहे. आठ वर्षांत तुम्ही एकदाही विचारलं नाही."

म्हातारीने काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. "नाही विचारलं," ती म्हणाली. "नाव घेतलं की जीव लागतो. काय नाव?"

"मुचानेता."

शोना भाषेत त्याचा अर्थ, तुम्ही थकाल. भांडखोर शेजाऱ्यांना ऐकवायला बापाने ठेवलेलं नाव. अंगणात कुणीतरी दबकं हसलं. म्हातारीच्या बोळक्या तोंडातूनही हवा सुटल्यासारखा आवाज आला.

"थकले की गं. मला मुलगी नको होती. मला तो मारणारा हवा होता, इथे, माझ्या समोर. तोंडाने म्हणायला हवा होता की मी केलं. तो शेवटपर्यंत आला नाही. गुरं पाठवली, तुला पाठवली, आणि आपण घरी बसला. तोबायस, त्या पोरीचं वस्त्र काढ."

"आई, आत्मा..."

"माझ्या पोटचा होता तो. तुझ्यापेक्षा मला ठाऊक."

तोबायस उठला नाही. उठली मुचानेता. ती शामिसोपाशी गेली, काळं वस्त्र तिच्या खांद्यावरून ओढून काढलं. घडी घालायला गेली तर उजव्या हाताने घडी जमेना, तशीच गुंडाळून तिने ते जोसफातच्या मांडीवर ठेवलं.

"मी हिची तेते. मी नाही म्हणते. आज नाही, उद्या नाही, मी मेल्यावरही नाही. आणि शनिवार-रविवार कुठला तरी गाठून पुन्हा आणलीस, तर हे बाबा तुला ठाण्यात बसवतील."

गुंबोबाबा उभे राहिले. बटण तुटलेल्या जागेतून पोट दिसत होतं, तरी ते चांगलेच हवालदार दिसले. अंबुया सारुझाई डोळे मिटून ओठांत प्रार्थना पुटपुटत होती, आणि मधूनच एक डोळा उघडून बघत होती.

जोसफात गाडीपर्यंत त्यांच्या मागे आला. "माझ्या घरात आता कुणाला काही झालं तर पाप तुझ्या माथी," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

"असू दे माझ्या माथी. मला ओझी उचलायची सवय आहे. पण तावोंगाला सोमवारी मोठ्या इस्पितळात ने. नेतोस की मी येऊ?"

त्याने नेलं. गोळ्या सुरू झाल्या. फिट कमी झाल्या, पण पुरत्या गेल्या नाहीत. जोसफातने बहिणीशी बोलणं टाकलं. शामिसो मात्र सुट्टीत येत राहिली, कारण तिला अडवायला गेलं तर ती तेतेसारखी ओरडायची. तोबायसने एका फिरत्या भविष्यवाल्याकडून निरोप पाठवला, की आत्म्याने आता मुचानेताचंच नाव घेतलंय. म्हातारी पावसाळ्याआधी वारली. मुचानेता मातीला गेली, लांब उभी राहिली आणि आली.

हाताचं म्हणाल तर काही सकाळी तो चांगला असे, काही सकाळी लाकूड. ती डाव्या हाताने कापड कापायला शिकली. भविष्यवाल्याचा निरोप आला त्याच्या पुढच्या गुरुवारी ती कड्यात बसली तेव्हा चेहरा ओढलेला होता.

"पान पडलं तरी दचकते मी," ती म्हणाली. "झोप नाही."

"मग बोललेलं मागे घ्यावंसं वाटतं?" अंबुया सारुझाईने विचारलं.

"छे. दचकून जगीन, पण घेणार नाही मागे."

"दचकण्याच्या खाली आणखी काय आहे?" नेत्साई म्हणाली.

"राग."

"आणि त्याच्या खाली?"

"अहो, खाली रागच आहे अजून. बत्तीस वर्षांचा आहे, एका पावसात आटेल का? तो संपेपर्यंत मला दुसरं काही विचारू नका, सिसी." तिने सूप पुढे ओढलं. "आणि या वेळच्या शेंगा कुणी आणल्यात? निम्म्या पोकळ आहेत."